निमकरांचं पंचांग

शुक्रवारी दुपारी ऑफिसात कुणी उत्साहानं म्हणालं, "चलो, आज ही रिलीज कर देते हैं," की माझ्या तोंडून अजूनही निघतं, "अरे थांबा, राहूकाळ आहे!" नवी मंडळी माझ्याकडे बघत राहतात. ही मराठी बाई इंजिनिअर आहे की ज्योतिषी, असं त्यांना वाटत असणार. वाटू दे. हा राहूकाळ माझा नाही, निमकरकाकांचा.

निमकरकाका म्हणजे माधव निमकर. गुरुग्रामच्या आमच्या कंपनीत मोबाइल ॲप बनवणाऱ्या टीममधले सगळ्यात वयस्कर गृहस्थ. मूळचे साताऱ्याचे, पण दिल्लीत इतकी वर्षं काढलेली की भाजीवाल्याशी भांडायचे हिंदीत आणि हरले की पुटपुटायचे मराठीत. मी पुण्याहून बदली होऊन आले तेव्हा मयूर विहारला त्यांच्या शेजारच्याच सोसायटीत मला घर मिळालं. म्हणजे रोज सकाळी एकच मेट्रो. ऑफिसात ते 'सर', मेट्रोत 'काका'. कुठल्या स्टेशनापासून सर म्हणायचं हे काही ठरलेलं नव्हतं, पण गुरुग्रामला उतरून कार्ड गळ्यात घातलं की ते आपोआप सर व्हायचे.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. झोपेतच गेले. "बरं झालं, त्रास नाही झाला," असं जो तो म्हणत होता आणि मला त्या प्रत्येकाचा राग येत होता. काकांनीच शिकवलेली शबाना म्हणाली, "ताई, तुम्ही लिहा त्यांच्यावर. मी बसले की नुसतं रडूच येतं." जसं काही मला येतच नाही! पण असो. लिहिते.

आमच्या धंद्याची एक खोड आहे. फोन बनवणारे सारखे काहीतरी बदलत असतात. नवी सोय येते, जुनी जाते, मध्येच एखादा नियम येतो, आणि काल धडधाकट असलेलं ॲप आज उघडतच नाही. म्हणून बातम्या वाचत राहावं लागतं. त्या असतात इंग्रजीत, लांबलचक, आणि वाचता वाचता डोळा लागावा अशा. निमकरकाका पहाटे उठून त्या सगळ्या वाचायचे आणि गाडी यमुनेच्या पुलावर यायच्या आत आमच्या ग्रुपवर मराठीत चार ओळी टाकायचे. ग्रुपवर दिल्ली, नोएडा, गुरुग्राममधली ॲप बनवणारी मराठी मंडळी. त्या मेसेजचं नाव 'आजचं पंचांग'. त्यात दोनच सदरं असायची, 'वाचा' आणि 'घाबरा'.

'वाचा' म्हणजे नवीन काय आलं. 'घाबरा' म्हणजे काय जाणार. "नवीन आलेलं ते ढोल वाजवून सांगतात," काका म्हणायचे, "काढून घेतलेलं तळाशी बारीक अक्षरात असतं. आपण तळापासून वाचायचं." शिवाय शिकण्यासारखा एखादा धडा नाहीतर व्हिडिओ असायचा, आणि त्यावर त्यांचा शेरा. "हे गृहस्थ तासभर बोलतात. मुद्दा शेवटी आहे. तोवर गवार निवडून होते." किंवा, "बाई छान शिकवतात, फक्त स्वतःच्या विनोदाला स्वतः हसतात, तेवढं सोसा." आणि शुक्रवारी न चुकता सगळ्यात खाली, "राहूकाळ: जेवणानंतर. कुणीही काहीही रिलीज करू नये. घरी जावे."

शबाना त्या ग्रुपमधूनच आमच्यात आली. परभणीकडची. कलेक्टर व्हायचं म्हणून दिल्लीला आली होती, मुखर्जीनगरला एका खोलीत राहून अभ्यास करायची. परीक्षेची संधी संपली, निकाल लागला नाही, आणि गावी जायला पाय निघेना. कुणीतरी तिला ग्रुपात घातलं. तिनं भीत भीत लिहिलं, "सर, मला यातलं ओ की ठो कळत नाही. राहू का?" काकांचं उत्तर आलं, "राहा. कळणारे फार झालेत." पुढं दर रविवारी ती मयूर विहारला त्यांच्या घरी शिकायला यायची. आज ती एका चांगल्या कंपनीत ॲप बनवते.

मला आधी वाटायचं, हा माणूस इतकं वाचतो ते हौसेनं. छे! हौस कसली. तो धसका होता. ते मला त्यांच्या घरी पहिल्यांदा गेल्यावर कळलं.

उषाकाकूंनी दार उघडलं. गोऱ्यापान, हसऱ्या, केसांचा नीट अंबाडा. "ये गं, किती दिवसांनी आलीस!" म्हणाल्या. मी तर पहिल्यांदाच येत होते. आत जाऊन बसले, पाणी आलं. परत बाहेर येऊन म्हणाल्या, "ये गं, किती दिवसांनी आलीस!" काकांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच मान हलवली. मीही म्हटलं, "हो ना काकू, जमलंच नाही." त्या दिवशी त्यांनी माझं तिसऱ्यांदाही स्वागत केलं, आणि दर वेळी तितक्याच आनंदानं.

काकूंच्या गळ्यात गोफाला अडकवलेला एक फोन असायचा. त्याच्यात काकांनी स्वतः बनवलेलं एकच ॲप, 'हाक'. बाकीचं सगळं झाकून टाकलेलं. पडदा पांढरा, वरच्या बाजूला भाकरीएवढं पिवळं बटण, त्यावर लिहिलेलं, 'माधव'. काकूंनी ते दाबलं की काकांचा फोन वाजायचा, त्या कुठं आहेत ते काकांना दिसायचं, आणि काका उचलून म्हणायचे, "आहे गं. इथंच आहे." दिवसभर सोबतीला एक बाई असायच्या, पण काकूंना बाईंचं काय! त्यांना माधवच हवा असायचा. प्रेमविवाह होता ना त्यांचा.

आता कळलं का 'घाबरा' कशासाठी ते? फोनमध्ये काही बदललं की पहिला प्रश्न, उषाचं बटण चालेल ना? ते ॲप जगात एकच माणूस वापरत होता. फोनवरच्या ॲपच्या दुकानात किती लोक आपलं ॲप वापरतात याचा आकडा आम्हाला दिसतो. लाखांचे आकडे बघणारी आमची माणसं काकांना चिडवायची, "निमकर जी, आपका धंधा कैसा चल रहा है?" काका गंभीरपणे सांगायचे, "फुल. नया ग्राहक ले नहीं सकते."

ऑफिसातलं प्रत्येक नवं ॲपही ते आधी घरी न्यायचे आणि काकूंसमोर ठेवायचे. त्यांना पुढं कुठं जायचं ते कळलं तर पास. टीममध्ये त्याला 'मॅडम की साइन' म्हणत. एकदा आमच्या साहेबानं मोठ्या हौसेनं पैसे पाठवायचा नवा पडदा करून घेतला. काय ते रंग, काय त्या सावल्या, दिसायला अगदी झकपक. काकूंनी फोन उलटा सुलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "घर छान आहे, पण दार कुठाय?" काकांनी जसंच्या तसं मीटिंगमध्ये सांगितलं. साहेब वैतागले. "निमकर जी, आपकी मैडम हमारी टारगेट यूज़र नहीं हैं।"

"नहीं हैं सर," काका म्हणाले, "लेकिन सबकी बारी आएगी."

दार केलं गेलं.

पण माणूस कितीही सावध असला तरी एकदा चुकतोच. काकांच्या चुकीचं मूळ एका चांगल्या व्हिडिओत होतं, हे मला अजून खुपतं. फोन मोठे झालेत, अंगठा वरपर्यंत पोचत नाही, म्हणून महत्त्वाचं बटण खाली असावं, असं कुणीतरी फार सुंदर समजावलं होतं. काकांनी तो व्हिडिओ 'वाचा'मध्ये टाकला, वर लिहिलं, "लाख मोलाची गोष्ट." काकूंचे हात अलीकडे थरथरायचे. त्यांना वर पोचायला त्रास नको, म्हणून काकांनी शुक्रवारी दुपारी ऑफिसातूनच 'हाक'चं बटण वरून खाली आणलं. तेच बटण, तोच पिवळा रंग, तीच अक्षरं. फक्त खाली.

बाई औषध आणायला कोपऱ्यापर्यंत गेल्या होत्या. परत आल्या तर दार सताड उघडं आणि काकू नाहीत.

काकांच्या फोनवर 'हाक' आलीच नव्हती. बटण दाबल्याशिवाय काकू कुठं आहेत ते दिसायचं नाही, आणि आलेला फोन उचलणं काकूंना जमायचं नाही. बाईंनी कळवलं तसे आम्ही निघालो, मी त्यांच्याबरोबर कॅबमध्ये होते. गाडी ट्रॅफिकमध्ये अडकलेली, आणि ते नुसतं म्हणत होते, "खाली आहे गं उषा, खाली बघ. खाली बघ ना." ड्रायव्हर आरशातून बघत होता. असली असहाय तडफड मी कुणाची पाहिली नाही.

मग एकदम ते थांबले. "दोन दिवस क्वार्टरच्या गोष्टी काढत होती," म्हणाले. काकूंचं लहानपण हिंदूरावच्या टेकडीवर गेलेलं. वडील तिथल्या दवाखान्यात कामाला होते. दिल्लीतल्या त्या जागेला कुणा ग्वाल्हेरच्या मराठी माणसाचं नाव, याचा वडिलांना मोठा अभिमान, "आपल्याच माणसाच्या घरी राहतोय आपण," असं ते लेकीला सांगायचे. काकांनी ग्रुपवर लिहिलं. पंचांगाच्या ग्रुपवर पहिल्यांदाच दुपारचा मेसेज. "माझी बायको हरवली आहे. कदाचित हिंदूरावला. जवळ कोण आहे?"

जवळ शबाना होती. ती रिक्षा करून धावली. दवाखान्याच्या फाटकाजवळ बाकावर काकू बसलेल्या. पायात दोन वेगळ्या चपला; कुणा रिक्षावाल्याला 'हिंदूराव' एवढंच सांगून आल्या असणार. शबानाला म्हणाल्या, "तू नव्या नर्सबाई का? आमच्या बाबांची ड्यूटी सुटली का गं?" शबाना म्हणाली, "येतायत, बसू या." आणि शेजारी बसली.

पुढचं तिनं मला नंतर, एकटीला सांगितलं. काकूंच्या हातात फोन होता. अंगठा लांब करून त्या पडद्याच्या वरच्या बाजूला टकटक करत होत्या. तिथं काही नव्हतं, नुसता पांढरा पडदा. पिवळं बटण खाली होतं, आणि त्या वर दाबत होत्या, पुन्हा पुन्हा, न चिडता. "लागत नाहीये," म्हणाल्या. "माधव कामात असेल."

हे काकांना सांगायचं नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलं होतं. पण त्यांना ते कळलं. ॲप बनवणारा माणूस तो, कुठं किती वेळा बोट टेकलं ते त्यांना घरी बसून दिसलंच. त्या संध्याकाळी त्यांनी बटण वर नेलं. दुसऱ्या दिवशीच्या पंचांगात 'वाचा' नव्हतं, 'घाबरा' नव्हतं. एकच ओळ होती, "जे जिथं आहे ते तिथंच राहू द्या." राहूकाळ सुरू झाला तो त्याच्या पुढच्या शुक्रवारपासून. आम्ही पोटभर हसायचो त्याला, त्यातल्या निम्म्यांना माहीतही नव्हतं तो कुठून आला ते.

नंतर काकू भराभर उतरत गेल्या. आधी माझं नाव गेलं, मग शबानाचं, मग घरातल्या खोल्या गेल्या. बटण तेवढं राहिलं. मेट्रोत काकांचा फोन वाजला की गर्दीतून हात उंच करून ते तो कानाला लावायचे. ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केलेला, त्यामुळं शेजारी मलाही ऐकू यायचं. एका सकाळी फोन वाजला, काका म्हणाले, "आहे गं. इथंच आहे."

"कोण बोलतंय?" काकूंचा आवाज.

"मी. माधव."

"माधव ऑफिसला गेलाय," काकू म्हणाल्या. "तुम्ही कोण?"

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. गाडी पुलावर होती, खाली काळं पाणी. अगदी अदबीनं, परक्या माणसासारखे ते म्हणाले, "मी त्याच्याच ऑफिसातला, वहिनी."

"बरं झालं. भेटला की सांगाल का? लवकर ये म्हणावं. मी वाट बघतेय."

"सांगतो. भेटला की लगेच सांगतो."

फोन खिशात ठेवून ते दाराच्या काचेकडे तोंड करून उभे राहिले. पुढच्या स्टेशनाला वळून म्हणाले, "घ्या! निरोप्या झालो मी." आणि हसले. मी हसू शकले नाही बाई. तेव्हापासून रोज तसंच चालायचं. बायकोचा निरोप नवऱ्यासाठी घ्यायचा, आणि संध्याकाळी घरात शिरताना सांगायचं, "उषा, निरोप मिळाला गं." काकू विचारायच्या, "कसला?"

काकू थंडीत गेल्या. काकांनी नोकरी सोडली. ग्रुपवर त्यांचा शेवटचा मेसेज आला, "पंचांग आता शबाना लिहील. तिला छळू नका." बस. मी रविवारी डबा घेऊन जायची, ते "कशाला, कशाला" म्हणत घ्यायचे, गप्पा मारायचे. काकूंचं नाव निघायचं नाही. मला वाटलं, सावरतायत हळूहळू. आपल्याला सोयीचं तेच आपल्याला वाटतं.

शबाना पंचांग छान लिहायला लागली. काकांचीच सदरं, तिचे स्वतःचे शेरे. एका सकाळी 'वाचा'खाली तिनं लिहिलं होतं, "एखादं ॲप काही महिने उघडलं नाही, तर फोन त्याच्या परवानग्या आता आपणहून काढून घेतो. माइक बंद, ठिकाण बंद. ग्राहकाच्या भल्याची सोय." मी मेट्रोत उभी होते. गाडी पुलावर आली होती. वाचलं आणि काकूंचा तो गोफातला फोन आठवला.

त्या रविवारी डबा न करताच गेले. काकांनी दार उघडलं. स्वेटरचं बटण चुकीच्या काजात. आत टेबलावर दोन फोन, दोन्ही चार्जिंगला लावलेले. दुसऱ्याला अजून तो गोफ होता.

"काका, शबानानं ते परवानग्यांचं…" मी कसंबसं सुरू केलं.

"वाचलं," ते म्हणाले. "पोरगी लिहिते नीट. पण तिनं ते 'वाचा'मध्ये टाकलंय." खुर्चीत बसले. "ते 'घाबरा'मध्ये पाहिजे होतं."

मग त्यांनी सांगितलं. काकू गेल्यापासून रोज सकाळी ते काकूंचा फोन उघडतात आणि बटण दाबतात. ॲप वापरणाऱ्यांचा आकडा एकचा शून्य होऊ नये म्हणून आधी, आणि आता हे परवानग्यांचं आलं म्हणून. "ती विसरली, तिचा इलाज नव्हता," म्हणाले. "फोनला का विसरू देऊ मी?"

मी म्हटलं, "चहा करू का?"

"चहा नको. एक काम कर." ते एकदम जुने निमकरसर झाले, रिलीजच्या आधी तपासणी करून घेणारे. "दोन्ही फोन माझ्याच हातात असले की नुसता माझाच आवाज मला परत ऐकू येतो. चालतंय की नाही नीट कळत नाही. तू तिचा घेऊन आतल्या खोलीत जा आणि दाब. मी इथून उचलतो."

मी गेले. काकूंच्या खोलीत गादी गुंडाळून ठेवलेली, खिडकीत त्यांचा कंगवा तसाच. मी दार लोटलं. पांढऱ्या पडद्यावर पिवळं बटण, वर, जिथल्या तिथं. अंगठा लांब करावा लागतो खरंच. मी दाबलं.

बाहेर त्यांचा फोन वाजला. त्यांनी लगेच उचलला नाही. कधीच इतका वेळ लावत नसत. मग उचलला, आणि दाराच्या पलीकडून आणि माझ्या हातातून, दोन्हीकडून आवाज आला, "आहे गं. इथंच आहे."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. 'हॅलो' म्हटलं असतं तरी झालं असतं, तपासणीच होती ती. पण मी तोंडावर हात दाबून उभी राहिले. फोनमध्ये नुसता श्वास ऐकू येत होता. माझा की त्यांचा कुणास ठाऊक.

ते वाट बघत राहिले. त्यानंतर मी त्यांना आणखी दोनचारदा भेटले असेन, पण माझ्यासाठी ते तिथंच आहेत, त्या दारापलीकडे, फोन कानाशी धरून. बऱ्याच वेळानं त्यांनी घसा खाकरला, आणि अगदी अदबीनं, परक्या माणसासारखे म्हणाले,

"हो वहिनी. सांगतो. भेटला की लगेच सांगतो त्याला, तुम्ही वाट बघताय म्हणून."